फॅशनमधलं करिअर: कोर्सची फी भरण्याआधी करून पाहायची कामं

फॅशनमध्ये काम करायचंय म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, ‘म्हणजे डिझायनर?’ गडबड या प्रश्नातच आहे. कपड्यांच्या कंपनीत डिझायनर थोडे असतात. त्यांनी काढलेलं चित्र अंगावर घालण्याजोगं करणारे, त्याचा हिशेब मांडणारे, ते वेळेत शिवून घेणारे, तपासणारे आणि विकणारे पुष्कळ. यातलं आपल्याला काय जमेल हे माहितीपत्रकं वाचून कळत नाही, कारण तिथे पदांची नावं असतात, दिवसभर हाताने नेमकं काय करायचं हे नसतं. पण जवळजवळ प्रत्येक कामाचा एक छोटा तुकडा घरी करून पाहता येतो. लागतं ते एवढंच: मापाची टेप, ब्राउन पेपर, कात्री, टाचण्या, थोडं मांजरपाट आणि संगणकावर एक्सेलसारखं काहीतरी. शनिवार-रविवार धरून दीड-दोन महिन्यांत खालचं सगळं होतं. सगळं केलंच पाहिजे असं नाही, पण आवडेल असं वाटतं तेवढंच निवडू नका. नावडेल असं वाटणाऱ्यांपैकीही निदान दोन करा.

आधी एक शर्ट उलटा करा

पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा शर्ट घ्या, उलटा करून टेबलावर पसरा आणि तुकडे मोजा. पुढचे दोन, पाठ एक, खांद्यावरचा योक दुहेरी म्हणून दोन, बाह्या दोन, कफचे चार, कॉलरचे दोन, कॉलरखालच्या पट्टीचे दोन, बाहीच्या चिरेच्या पट्ट्या चार, खिसा एक. झाले वीस. कॉलर-कफच्या आतलं बकरम वेगळं.

आता कागदावर दोन रकाने करा. डावीकडे दिसतं ते लिहा, उजवीकडे ‘हे कोणी ठरवलं असेल?’ याचं उत्तर. बाजूची शिवण दुमडून दोन टिपांची आहे की नुसती ओव्हरलॉक? दुमडलेली शिवण टिकाऊ, पण तिला वेळ जास्त लागतो. म्हणजे कोणीतरी मिनिटं आणि किंमत बघून निर्णय घेतला. चौकटीचा शर्ट असेल तर खिशावरची चौकट अंगावरच्या चौकटीशी जुळते का? जुळत असेल तर कापड जास्त गेलंय, आणि ते जाऊ द्यायचं कोणीतरी मान्य केलंय. धुतल्यावर कॉलरवर फुगे आलेत? मग बकरम चिकटवताना तापमान, दाब किंवा वेळ चुकला, नाहीतर बकरम आणि कापड वेगवेगळ्या प्रमाणात आटलं. हे आधी पकडायची जबाबदारी कोणाची होती? धुण्याच्या सूचनांचं लेबल आतल्या शिवणीत आहे. त्यावरच्या खुणा ठरवण्याआधी ते कापड प्रयोगशाळेत धुऊन पाहिलेलं असतं.

तीस-चाळीस ओळी होतील. कुठल्या ओळींवर रेंगाळलात ते पाहा. रंग आणि कॉलरच्या आकारावर अर्धा तास गेला आणि शिवणींचा कंटाळा आला, ही एक माहिती. उलट झालं तर तीही.

डिझाइन: चित्र काढणं हा त्यातला लहान भाग

डिझायनरचा बराच वेळ चौकटीत विचार करण्यात जातो. हंगामासाठी अमुक इतके प्रकार, त्यात इतके टॉप, इतक्या पँट, कापडं चारच, रंग सहाच, आणि किंमत या मर्यादेत. त्यामुळे ‘मला सुचतं खूप’ एवढ्याने भागत नाही. बंधन घातल्यावर सुचतं का, हे तपासायचं.

करून पाहा: तीन कापडं, पाच रंग आणि बारा कपडे अशी एक छोटी मालिका आखा. अट अशी की कुठलाही टॉप किमान दोन खालच्या कपड्यांवर घालता आला पाहिजे. बारापैकी निदान चार साधे, हमखास खपणारे हवेत. मग त्यातल्या एकाच कपड्याचा टेक पॅक करा. टेक पॅक म्हणजे शिवणाऱ्याला द्यायची संपूर्ण सूचनापुस्तिका. त्यात हे हवं:

- पुढून आणि मागून सपाट रेखाटन, अंगावर घातलेलं नाही. कपडा टेबलावर ठेवल्यासारखं, दोन्ही बाजू सारख्या.
- मापांचा तक्ता. प्रत्येक माप कुठून कुठे घ्यायचं ते, आणि किती फरक चालेल ते. छातीला अधिक-उणे १ सेंमी, कॉलरला ०.५ सेंमी, अशा धर्तीवर.
- कापडाचं नाव, वजन, रंग. दोऱ्याचा रंग. बटणाचं माप आणि संख्या, जास्तीचं बटण धरून.
- प्रत्येक शिवणीचा प्रकार, इंचात किती टाके, शिवणीसाठी किती कापड सोडलंय.
- लेबल कुठे, घडी कशी.

हा टेक पॅक तुम्हाला न ओळखणाऱ्या शिंप्याकडे द्या आणि तोंडाने एक शब्दही समजावू नका. हाच खरा कस आहे. कपडा परत येईल तेव्हा जे चुकलेलं असेल ते बहुतेक तुमच्या कागदात राहून गेलेलं असेल. ‘छाती ५४’ लिहिलं, पण मुंढ्याखाली (मुंढा म्हणजे बाही जोडतात तो गोल भाग) २.५ सेंमीवर की थेट मुंढ्यापाशी ते लिहिलं नाही. उंची लिहिली, पण मानेच्या टोकापासून की पाठीच्या मध्यापासून ते नाही. दोऱ्याचा रंग राहिला, म्हणून त्याने हाताशी होता तो लावला. या चुका दुरुस्त करायला बसताना कंटाळा आला नाही, तर डिझाइनकडे जा. चित्र सुंदर आलं एवढ्यावर जाऊ नका. सपाट रेखाटनासाठी अडोबी इलस्ट्रेटर सर्वाधिक वापरलं जातं. ते शिकायचं, पण पहिला टेक पॅक पेन्सिलीने केला तरी चालतो.

पॅटर्न: ज्याला जमतं त्याला काम शोधावं लागत नाही

पॅटर्न म्हणजे कापड कापण्यासाठीचा कागदी साचा. तो काढण्याच्या कामाला झगमगाट नाही, म्हणून फार थोडे याची वाट धरतात. पण अंगावर नीट बसणारा कपडा ज्याच्या हातून निघतो, तो पॅटर्न मेकर कुठल्याही विभागाला गमवायचा नसतो. भूमिती आवडत असेल, कागद घड्या घालून वस्तू करायची सवय असेल, तर इथे जास्त वेळ द्या.

अंगाबरोबर बसणाऱ्या साध्या टॉपचा पॅटर्न काढा. समजा छाती ९२ सेंमी. विणीच्या, न ताणणाऱ्या कापडाला हालचालीसाठी १० सेंमी ढिलाई द्या, म्हणजे १०२. पॅटर्न चौथाईत काढतात, म्हणून २५.५. शिवणीसाठी चोहोबाजूंनी १ सेंमी सोडा, खालच्या दुमडीला ३. उभ्या धाग्याची दिशा बाणाने दाखवा. हा बाण विसरला तर कापड तिरकं कापलं जातं आणि दोन धुण्यांनंतर बाजूची शिवण फिरून पोटावर येते. मग मांजरपाटात कापून मोठ्या टाक्यांनी शिवा. मोठे टाके उसवायला सोपे, आणि उसवायचं आहेच.

घातल्यावर सुरकुत्या वाचायला शिका. आडव्या, ताणलेल्या सुरकुत्या म्हणजे तिथे रुंदी कमी. उभ्या, लोंबत्या घड्या म्हणजे रुंदी जास्त. आडवी घडी ढिली होऊन बसत असेल तर लांबी जास्त आहे. तिरकी सुरकुती तिला जिथून ओढ बसते तिकडे बोट दाखवते. छातीकडून मुंढ्याकडे जाणारी असेल तर बहुधा डार्ट, म्हणजे उभारासाठी घातलेली टोकदार चिमटी, लहान पडलाय. एका वेळी एकच दुरुस्ती करा. दोन एकदम केल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही आणि नवशिके इथेच गुंततात.

बाही लावताना बाहीच्या गोलाव्याची लांबी आणि मुंढ्याची लांबी टेप उभी धरून मोजा. आडवी टेप वळणावर खोटं माप देते. शर्टाला गोलावा मुंढ्याइतकाच किंवा फार तर १ सेंमी जास्त असतो. कोटाला २.५ ते ४ सेंमी जास्त ठेवून ती जास्तीची लांबी वाफेने जिरवतात. शर्टाच्या कापडाला कोटाइतकी ढिलाई दिली तर ती जिरत नाही आणि खांद्यावर चुण्या पडतात.

आटण्याचा हिशेब इथेच करून बघा, कारण तो अनुभवी लोकही घाईत चुकतात. कापड लांबीत १० टक्के आटणार आहे आणि धुतल्यावर ७० सेंमी हवेत. बरेच जण ७० ला १.१० ने गुणून ७७ काढतात. पण ७७ चे १० टक्के गेले की उरतात ६९.३. बरोबर रीत म्हणजे ७० भागिले ०.९०, म्हणजे ७७.८ सेंमी. एका कपड्यात हा फरक आठ मिलिमीटरचा. पण मापाची सूट ५ मिलिमीटर असेल तर पूर्ण लॉट नापास.

पुढची पायरी ग्रेडिंगची: एका मापावरून बाकीची मापं. दोन मापांत छातीचा फरक ४ सेंमी असेल तर चौथाई पॅटर्नला १ सेंमी वाढ मिळते. पण खांदा त्याच प्रमाणात वाढत नाही, तो अर्ध्या सेंमीच्या आसपासच वाढतो. सगळीकडे सारखी वाढ दिली की मोठ्या मापाचे खांदे दंडावर उतरतात. हे सगळं हाताने एकदा झाल्यावरच गर्बर ॲक्युमार्क, लेक्ट्रा, ऑप्टिटेक्स किंवा त्रिमितीत कपडा घालून दाखवणारं क्लो थ्रीडी यांच्याकडे वळा. पडद्यावर सुरकुती दिसली तरी ती का पडली हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

मर्चंडायझिंग: फोन, तारखा आणि ग्रॅम

कारखाना आणि कपडे मागवणारा ब्रँड यांच्या मधला माणूस म्हणजे मर्चंडायझर. चित्र काढता येत नाही पण कपड्यांची आवड आहे, स्वभाव पाठपुराव्याचा आहे, आणि एकाच वेळी आठ गोष्टी डोक्यात राहतात, अशांसाठी या क्षेत्रातला सगळ्यात रुंद दरवाजा हाच.

पहिला प्रयोग हिशेबाचा. होजियरीचा टी-शर्ट. अंगाची लांबी ७२, बाही २२, शिवण-दुमडीसाठी १०, एकूण १०४ सेंमी. छातीची अर्धी रुंदी ५४ अधिक ४, म्हणजे ५८. कापड १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम. १०४ गुणिले ५८ गुणिले २ गुणिले १८०, भागिले १०,०००. उत्तर सुमारे २१७ ग्रॅम. त्यात ८ टक्के नासाडी धरली की साधारण २३४.५ ग्रॅम. ५,००० नगांना ११७० किलोपेक्षा थोडं जास्त. आता समजा गिरणीकडून कापड १८० ऐवजी १९० जीएसएमचं आलं. हाताला कळणारही नाही, पण नगामागे १३ ग्रॅम वाढले, म्हणजे पूर्ण ऑर्डरीत सुमारे ६५ किलो. कापड किलोवर घेतलं असेल तर ५,००० टी-शर्ट पुरे व्हायच्या आत ते संपेल. हे गणित करताना मजा आली का? प्रामाणिकपणे सांगा.

दुसरा प्रयोग तारखांचा. समजा माल ९० व्या दिवशी निघायचा आहे. शेवटून मागे या. अंतिम तपासणी ८५ वर. म्हणून शिलाई ८० पर्यंत संपली पाहिजे. कटिंग ५५ ला सुरू. त्याआधी बायरने, म्हणजे माल मागवणाऱ्या ब्रँडने, प्री-प्रॉडक्शन सॅम्पल (उत्पादनाआधीचा नमुना) मंजूर करायला हवं, म्हणजे ते ४५ ला हातात हवं. ते खऱ्या कापडात शिवायचं, तर कापड ४० ला. रंगाई-विणाईला २५ दिवस धरले तर रंगाचा नमुना, म्हणजे लॅब डिप, १५ व्या दिवसापर्यंत मंजूर. आता या तक्त्यात लॅब डिप एकदा नापास झाल्याचं धरा, सहा दिवस गेले. ते दिवस कुठून भरून काढाल? शिलाईतून काढले तर ओव्हरटाइम. तपासणीतून काढले तर धोका. विमानाने माल पाठवला तर नफा गेला. मर्चंडायझरची नोकरी म्हणजे हा प्रश्न रोज वेगवेगळ्या वेषात.

कारखाना आणि गुणवत्ता

इंजिनीअरिंगची किंवा आकड्यांची पार्श्वभूमी असलेल्यांना हे सहसा कोणी सुचवत नाही. कपडा शिवायला लागणाऱ्या प्रमाण मिनिटांना एसएमव्ही म्हणतात. १० मिनिटांचा टी-शर्ट, ३० कारागीर, ४८० मिनिटांची पाळी, कार्यक्षमता ६० टक्के: ३० गुणिले ४८० गुणिले ०.६०, भागिले १०, म्हणजे दिवसाला ८६४ नग. इंडस्ट्रियल इंजिनीअर हे ६० टक्के ६५ कसे होतील ते पाहतो. बहुतेक वेळा उत्तर ‘लोकांनी भरभर शिवावं’ हे नसतं. एका यंत्रापाशी माल तुंबलेला असतो आणि पुढचे तिघे रिकामे बसलेले असतात. घरी करून पाहायचं तर कुठलंही काम पाच टप्प्यांत मोडा, प्रत्येक टप्पा दहा वेळा घड्याळ लावून मोजा, आणि सर्वांत हळू टप्पा शोधा. पूर्ण कामाचा वेग तोच ठरवतो.

गुणवत्ता तपासणीत नमुना घेऊन निर्णय करतात. आयएसओ २८५९-१ च्या तक्त्यानुसार, सर्वसाधारण पातळी २ वर, १२०१ ते ३२०० नगांच्या लॉटमधून १२५ नग काढायचे. एक्यूएल, म्हणजे दोषांची चालवून घ्यायची मर्यादा, २.५ असेल तर ७ दोषी सापडेपर्यंत लॉट पास, ८ झाले की नापास. आठवा दोष सापडतो तेव्हा आजूबाजूला उभे असलेले सगळे ‘हा दोष धरायचा का?’ असं विचारतात. तिथे ठाम राहता येतं का, हा स्वभावाचा प्रश्न आहे. शिकवून फारसा सुटत नाही.

कापड आणि रंग

विज्ञानाची आवड असेल तर दोन चाचण्या घरी होतात. ६० सेंमीच्या चौकोनी कापडावर मधोमध ५० सेंमीचा चौकोन न पुसणाऱ्या शाईने आखा, धुवा, ताण न देता सपाट वाळवा, पुन्हा मोजा. ५० चे ४८.५ झाले तर ३ टक्के आटलं. उभं आणि आडवं वेगळं मोजा, ते सहसा सारखं नसतं. दुसरी चाचणी: पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून रंगीत कापडावर १० वेळा पुढे-मागे घासा, एकदा कोरडं, एकदा ओलं. गडद रंग ओल्यात जास्त सुटतात. प्रयोगशाळेत हेच आयएसओ १०५-एक्स१२ प्रमाणे ठरलेल्या दाबाने करतात आणि करड्या छटांच्या पट्टीशी ताडून १ ते ५ गुण देतात, ५ सर्वांत चांगले. उन्हातल्या पक्केपणाची पट्टी मात्र १ ते ८ अशी असते. हा फरक माहीत नसला की ‘४ म्हणजे चांगलं’ असं वाटून गोंधळ होतो.

रंग जुळवण्याच्या कामाकडे जाणार असाल तर आपली रंगदृष्टी आधी तपासून घ्या. फार्न्सवर्थ-मन्सेल १०० ह्यू या चाचणीत ८५ रंगीत चकत्या छटेच्या क्रमाने लावायच्या असतात. मोबाइलवर मिळणारी तिची नक्कल धरू नका, कारण प्रत्येक पडद्याचे रंग वेगळे. आणि दोन कापडं खिडकीत जुळली तरी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली वेगळी दिसू शकतात, म्हणून रंग निदान दोन प्रकाशांत पाहायचा.

बायिंग आणि नियोजन

दुकानात काय, किती आणि कधी यावं हे ठरवणारे बायर आणि प्लॅनर. बायरचं काम बाहेरून खरेदीसारखं दिसतं, पण त्याचा पाया एका बेरीज-वजाबाकीत आहे: या महिन्याची अपेक्षित विक्री, अधिक सवलतीत जाणारी घट, अधिक महिनाअखेर हवा असलेला साठा, यातून सुरुवातीचा साठा आणि आधीच मागवलेला माल वजा. विक्री १०००, घट १००, अखेरचा साठा १५००, सुरुवातीचा १४००, वाटेत ५००. उरतात ७००. एवढ्याच किमतीचं नवं मागवायला मोकळीक. एखादी सुंदर वस्तू दिसली आणि मोकळीक संपलेली असली तर ती सोडून द्यावी लागते.

सरावासाठी अशी माहिती तयार करा: एका शैलीचे ६०० नग, चार मापं, १:२:२:१ प्रमाणात. चार आठवड्यांत ३६० विकले, म्हणजे ६० टक्के. आकडा ठीक वाटतो. पण मधली दोन मापं संपत आलीत आणि टोकाची पडून आहेत असं दिसलं तर? उरलेले नग बरेच दिसतील, पण गिऱ्हाइकाला हवं ते माप नसेल. सवलत लावायची, पुन्हा मागवायचं, की दुकानादुकानांत मापं फिरवायची, हे कारणासकट अर्ध्या पानात लिहा. तीन वेगवेगळी कारणं सुचली तर या वाटेकडे गांभीर्याने बघा.

फोटो, स्टायलिंग, मांडणी, लेखन

सगळ्यांना दिसणारी बाजू हीच, म्हणून गर्दीही इथेच. स्टायलिस्टचा दिवस कपडे आणणं, नोंदवणं, वाफेने सुरकुत्या काढणं, शूटनंतर डाग न लागता परत करणं यात जातो. पिशवीत वाफेची इस्त्री, चिमटे, दुहेरी चिकटपट्टी, सेफ्टी पिना, धागे-केस काढायचा रोलर आणि बुटांच्या तळाला लावायची पट्टी हवीच. उधार आणलेले बूट तळ खरवडून परत केले तर पुढच्या वेळी मिळत नाहीत. करून पाहायचं तर एकाच कपड्याचे पाच वेगळे पेहराव करा आणि खिडकीच्या प्रकाशात फोटो काढा. सुरुवातीला नवे फोटोग्राफर, मॉडेल, मेकअप करणारे आणि स्टायलिस्ट बिनमोबदला, फोटोंच्या बदल्यात एकत्र काम करतात. तसं करायला हरकत नाही, पण फोटो कोण कुठे वापरणार आणि नाव कसं छापणार हे आधी लिहून घ्या. मॉडेलिंगची संस्था काम देण्याआधी तुमच्याकडूनच पैसे किंवा तिच्याच फोटोग्राफरकडून महागडा फोटोसंच मागत असेल तर तिथून उठा.

फारशा कोणी न विचारलेल्या वाटा

नाटक-चित्रपटांची वेशभूषा हे वेगळंच शास्त्र आहे. मारामारीच्या दृश्यासाठी एकाच शर्टाच्या अनेक प्रती लागतात, आणि कुठल्या दृश्यात किती फाटलेला, किती मळलेला हे फोटोसकट नोंदवून ठेवावं लागतं. वस्त्रसंग्रहालयांत जतनाचं काम असतं, त्याला रसायनशास्त्र लागतं. पुरवठ्याच्या साखळीवर देखरेख हेही मोठं काम झालंय. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक लोक मेले, त्यानंतर इमारती, अग्निसुरक्षा आणि कामगारांचे तास तपासणाऱ्यांची गरज ब्रँडना टाळता येईनाशी झाली. कायदा, समाजकार्य किंवा सुरक्षा अभियांत्रिकी शिकलेल्यांना इथे जागा आहे.

काम करणाऱ्यांना काय विचारायचं

दोन-तीन प्रयोगांनंतर त्या कामातल्या माणसाची वीस मिनिटं मागा. ‘या क्षेत्रात कसं यायचं?’ हा प्रश्न टाळा; त्याला ठरावीक उत्तर मिळतं. विचारा: काल सकाळी ११ ते १ काय केलंत? गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला? नवा माणूस पहिल्या तीन महिन्यांत कुठे हमखास चुकतो? हंगामाच्या शेवटी किती वाजता घरी जाता? आपला केलेला टेक पॅक किंवा तक्ता सोबत न्या आणि पुढे ठेवा. समोरचा पेन काढून त्यावर खुणा करू लागला की वीस मिनिटांची चाळीस होतात.

कोर्स निवडताना

इमारत आणि वार्षिक फॅशन शो यांच्यावर जाऊ नका. अभ्यासक्रमातले तास मोजा: पॅटर्न आणि शिवणाला आठवड्याला किती, कापडशास्त्राला किती, प्रत्यक्ष कारखान्यात किती. यंत्रं किती आणि विद्यार्थी किती ते विचारा. सहा जणांत एक यंत्र असेल तर तीन तासांच्या वर्गात हात जेमतेम अर्धा तास चालतो. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले आता कुठल्या पदावर आहेत ते शोधा. नुकत्याच लागलेल्या नोकऱ्यांची यादी फारसं सांगत नाही. मर्चंडायझिंग किंवा नियोजनात जायचं ठरलं असेल तर डिझाइनची महागडी पदवी लागेलच असं नाही. वाणिज्य, सांख्यिकी किंवा टेक्स्टाइलची पदवी आणि वरचे तक्ते जमणं, यावर सुरुवात होते.

पोर्टफोलिओ आणि इंटर्नशिप

दहा ते पंधरा पानं पुरेत. डिझाइनसाठी निम्मी पानं प्रक्रियेची असू द्या: कापडाचे तुकडे, फसलेला नमुना, त्यावरची दुरुस्ती, मग शेवटचा फोटो. पॅटर्नसाठी एकाच कपड्याची तीन फिटिंग, सुरकुत्यांवर खुणा करून. मर्चंडायझिंगसाठी कापडाचा हिशेब आणि मागून मोजलेला तारखांचा तक्ता. नियोजनासाठी तो अर्ध्या पानाचा निर्णय. सगळ्या वाटांसाठी एकच पोर्टफोलिओ पाठवला की तो कोणासाठीच नसतो.

इंटर्नशिप घेण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: कालावधी, तास, मोबदला आणि कोणाच्या हाताखाली काम. मोठ्या नावाच्या ठिकाणी तीन महिने नुसत्या फाइली लावण्यापेक्षा लहान कारखान्याच्या सॅम्पलिंग विभागात सहा आठवडे जास्त शिकवतात, कारण तिथे कपडा कागदापासून पेटीपर्यंत एकाच छताखाली दिसतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक सॅम्पलवरचे शेरे वहीत उतरवा: काय नापास झालं, का, आणि दुरुस्ती काय केली. महिन्याभरात तेच चार-पाच दोष पुन्हा पुन्हा दिसू लागतील. त्यातला एक घेऊन त्याचं कारण शोधून दाखवा.

आणि शेवटच्या आठवड्यात, निघण्याआधी, केलेल्या कामातलं काय पोर्टफोलिओत दाखवता येईल ते वरिष्ठांना विचारून लेखी उत्तर घ्या. बाजारात न आलेल्या हंगामाची चित्रं, बायरचं नाव, किमती आणि पुरवठादारांची माहिती सहसा दाखवता येत नाही. मापं आणि नावं झाकून पॅटर्न किंवा तक्त्याचा आराखडा दाखवायला परवानगी मिळू शकते, पण ती निघून गेल्यावर मागितली तर उत्तर यायला महिने लागतात, आणि पुढची मुलाखत तोवर थांबत नाही.